कुंपणातल्या लिंबाला नवस

बाळांनो, डोळे मिटा आणि कल्पना करा. तुम्ही तिळाहून बारीक अळी आहात. पानाच्या सालीखाली शिरलात. वर छत, खाली फरशी आणि मधला हिरवा गर म्हणजे जेवण! खात खात पुढे सरकायचं, मागे बोगदा तयार!

असा बोगदा बघून आतल्या अळीचा कुठला पतंग होणार हे ओळखण्यात आमच्या रनाळ्यात माझा हात धरणारं कुणी नाही. दुसरं कुणी ओळखायला जातच नाही, ही गोष्ट वेगळी!

शेजारची चेतना, पाचवीतली, माझी पक्की शिष्या. आमच्या कुंपणातल्या लिंबावर तिला रुपेरी रेघ दिसली.

"आबा, गोगलगाय गेली का?"

"गोगलगाय पानावरून जाते. ही आतून गेलीय. झुडूप कोणतं? लिंबू. बोगदा कसा? नागमोडी. मधली काळी रेघ म्हणजे तिची शी!"

"ईऽ!"

"ही नागअळी. आता पानाची कड दुमडून कोषात बसलीय. उद्या-परवा इवलासा पतंग निघेल."

तो निघताना चेतनाला बघायचाच होता. पान तोडलं तर सुकणार. म्हणून खुणेला मी देव्हाऱ्यातला लाल दोरा डहाळीला बांधला. मग आम्ही दोघं भिंग धरून, माना खाली घालून बराच वेळ उभे राहिलो.

नेमकं ते समोरच्या धनुबाईंनी पाहिलं!

दुपारी झोपून उठतो तर कुंपणाशी बायांची ही गर्दी! लाल दोऱ्यांनी झुडूप नवरदेवाच्या फेट्यासारखं लालेलाल!

"धनुबाई, हाई काय शे?"

"तुम्हीन आन् पोर हात जोडी उभा व्हतात ना? मी बी नवस बोलनू. मन्ही कोंबडी हारपेल शे."

"अहो, हात नव्हते जोडले, भिंग धरलं होतं!"

"ऱ्हाऊ द्या आबा, नवस कोनी सांगत नही!"

गर्दीत आमच्या सौभाग्यवती तापीबाईही होत्या!

"तू कशाला बांधलास?"

"तुमनं अळ्यासनं याड जावाले पाहिजे म्हनीसन!"

तेवढ्यात चेतना शाळेतून आली. धनुबाईंनी आमच्याच डहाळीची सगळी पानं भाजीच्या जुडीसारखी आवळली होती. दुमडलेली कड आत अडकलेली.

"आबा, पतंग बाहेर कसा येईल?" तिचा आवाज रडवेला झाला.

मी गाठीला हात लावला. सगळी गल्ली ओरडली, "नवस पुरा व्हवाशिवाय दोरा सोडतस का कोठे!"

मी शांतपणे अळी, कोष, पतंग, सगळं समजावलं. बायांनी माना डोलावल्या.

"म्हंजे देव अळीना रूपमा शे!" सुगंधाबाई म्हणाल्या, आणि आणखी दोन दोरे चढले!

चेतनाने डोळे पुसले. "काकू, कोंबडी कोनता रंगनी शे?"

"काळी."

"टीऽ टीऽ टीऽ" करत ती गल्लीतले सगळे गोठे फिरली. परत आली तेव्हा केसांत कडबा, काखेत काळी कोंबडी आणि कोंबडीचा आकांत! कोंबडी तिने धनुबाईंच्या हातात दिली. नवस पुरा! धनुबाईंनी स्वतःच गाठ सोडली. दुमडलेलं पान मोकळं झालं, कोष शाबूत!

मी सुटकेचा निःश्वास टाकतो तोच सुगंधाबाईंनी हात जोडले.

"लिंबूबाई पावनी वं!"

झालं! वरच्या गल्लीतूनही बाया दोरे घेऊन धावत निघाल्या.

चेतनाने दप्तर खाली ठेवलं, ते एक पान दोन्ही तळहातांच्या ओंजळीत झाकलं आणि झुडपाला पाठ लावून उभी राहिली. "पाया पडा. हात लावू नका!"