अण्णांचे सेशन मारिले त्याची हकीकत

श्रीगणेशास, तैसेच काल घेतलेल्या बॅकअपास नमन करून, बेंगळुरूप्रांती कोरमंगलाचे ठाण्यात मुग्धाबाई यांनी जी शिकस्त केली, तिची हकीकत ऐसी जे.

बाई नागपुराहून येऊन डेटाबेसाचे चाकरीस नव्या रुजू जाहल्या होत्या, आणि त्यांस कायम करणे न करणे सर्वस्वी सरदार रघुनंदन अण्णा यांचे मर्जीवर होते. अण्णांचे घराणे बेंगळुरात पिढीजाद, हयात डेटाबेसात गेलेली, आणि शिरस्ता मोठा कडक. टेबलात बदल करावे, मग खाली जाऊन एकाची दोघांत वाटलेली बाय-टू कॉफी प्यावी, परतून ताज्या नजरेने पाहावे, आणि मगच कमिट करून बदल पक्के करावे.

वरमहालक्ष्मीचा सण तोंडावर आला, चिकपेटात, ज्यांची बिले याच ठाण्याचे डेटाबेसातून निघत त्या साडीवाल्यांकडे झुंबड उडाली, आणि ऐन दुपारी बिले निघेनात. मग फोनांची सरबत्ती जाहली, आणि मुग्धाबाईंनी कंबर कसून, कोणाचे काम कोणामुळे अडले हे सांगणारी क्वेरी हेर म्हणून रवाना केली. हेराने खबर आणली की, झाडून सारी बिले एकाच सेशनामागे, म्हणजे डेटाबेसाशी उघडलेल्या एकाच जोडणीमागे ताटकळली आहेत, त्याने मालाचे टेबल कुलूपबंद केले आहे, आणि त्या सेशनाचे धनी खासे रघुनंदन अण्णा!

अण्णांनी सकाळपासून एकेक साडीचा भाव हाताने दुरुस्त केला होता, आणि कमिट न करिता, म्हणोन कुलूप तैसेच ठेवून, शिरस्त्याप्रमाणे कॉफीस कूच केले होते. फोन लाविला तो त्यांचे मेजावरच वाजू लागला. सेशन मारावे तर अण्णांची मेहनत पाण्यात आणि बहुधा आपली चाकरीही, न मारावे तर चिकपेट बुडाले. शेजारचे जितेंद्रपंत, स्वभावे सावध, त्यांनी मसलत दिली, "आपण काही बघितलंच नाही. चल, लंचला जाऊ." बाईंस मोह जाहला, खोटे कशास बोलावे? इतक्यात फोनवरून चिकपेटातल्या एका दुकानाच्या मालकीण राजलक्ष्मी अक्का ओरडल्या, "स्वल्प लौकर कर की गं, गिऱ्हाईक साडी टाकून चाललं!" तेव्हा बाईंनी फर्मान सोडिले आणि सेशन ठार केले. अण्णांचे बदल रद्द जाहले, कुलूप गळाले, आणि बिले धो धो वाहू लागली.

मग अण्णा परतले, संगणकाचे पडद्यापाशी बसले, आणि हे कोणी केले म्हणोन पुसते जाहले. बाई उठल्या.

"मी मारलं, सर. बिलं अडकली होती."

अण्णांनी बिले केव्हापासून अडली होती ते पडद्यावर पाहिले.

"सरी, ठीक आहे. माझं नाव दिसल्यावर किती थांबलीस गं?"

"थोडा वेळ, सर."

"पुढच्या वेळी तेवढंही थांबू नकोस."

ऐसा हुकूम होऊन मुग्धाबाई चाकरीत कायम जाहल्या, आणि सरदार व बाई शेजारी बसून साऱ्या साड्यांचे भाव पुन्हा पहिल्यापासून लिहू लागले. येणेप्रमाणे चिकपेट राखिले, मोहीम फत्ते जाहली, हे दप्तरी दाखल असे.