राहीबाई दिसायच्या वेळी

हरिबांना त्या सिनेमातली नायिका बघायचीच नव्हती. त्यांना बघायची होती त्यांची राहीबाई.

पन्नासेक वर्षांपूर्वी, हरिबा कामाला होते त्या कुंडलकडच्या सूतगिरणीत एका प्रेमकथेचं शूटिंग झालं होतं. नायक कामगार, नायिका मालकाची लेक. जेवणाच्या सुट्टीचा भोंगा होतो आणि नवऱ्यांचे डबे घेऊन बायका गेटवर येतात, त्या घोळक्यात नवी नवरी राहीबाई खरोखरीच उभी होती. ती जाऊन आता तीन वर्षं झाली. तरुणपणीचा तिचा एकही फोटो घरात नाही. सुनेनं, संयोगितानं, तो सिनेमा मोबाईलवर हुडकून काढला तेव्हा हरिबा म्हणाले, "एवढ्याशा चौकटीत नको गं पोरी. मोठी दिसू दी."

एकट्यानं बघितलं असतं तर काय बिघडलं असतं? पण हौस दांडगी! रविवारी दुपारी समाजमंदिरात चादर ताणली, शाळेचा प्रोजेक्टर आणला आणि गिरणीतले सगळे म्हातारे गडी बोलावले.

नायक-नायिकेनं तासभर यंत्राआडून नुसते उसासे टाकले.

"गेट कवा येतंय गं?"

"आलंच, आबा."

आणि पडद्यावर भोंगा वाजला. झालं! उभा जन्म भोंग्यावर उठलेली माणसं ती, सगळी एकदम उठली. कुणी चपला शोधल्या, कुणी कंबरेवर हात ठेवून आळस दिला. राहीबाई येऊन गेली आणि मागं बसलेल्या हरिबांना दिसली ती फक्त पुढच्या नाथाजीची पाठ.

"आरं बसा की रं! सुट्टी न्हाई झाली, सिनेमा हाय ह्यो!"

"व्हय की," नाथाजी ओशाळला. "पाय आपसूक उठलं गड्या."

संयोगितानं सिनेमा मागं घेतला. सगळ्यांनी एकमेकांना दम भरला. भोंगा झाला आणि पुन्हा सगळे उभे! जोतीराम तर नळावर हातसुद्धा धुऊन आला.

हरिबा रडकुंडीला आले. "दोनदा आली आन् दोनदा गेली. लय वरसांनी आलीया रं ती. मला बघू द्या की."

मग संयोगितानं सिनेमा पुन्हा मागं घेतला आणि आवाजच बंद केला.

भोंगा मुका झाला तसं कुणी हललं नाही. गेट उघडलं. डोक्यावर पदर, हातात डबा, अशी विशीतली राहीबाई टाचा उंचावून आतल्या गर्दीत कुणाला तरी शोधत होती. कुणाला, ते काय सांगायला हवं?

हरिबा उठले आणि चादरीकडे चालू लागले.

नाथाजीनं त्यांचा सदरा ओढला. "बस की गड्या. भोंगा कुटं झालाय अजून?"

"ठावं हाय मला," हरिबा म्हणाले. "पर ती आलीया की."