फिरतीवरचे स्वेटर

लोणकरबाई छत्री विसरतात. भर एप्रिलात विसरतात, थंडीत विसरतात, जिथं जातील तिथं विसरतात. निरोप घेतात, चपला घालतात, जिना उतरतात आणि थोड्या वेळानं परत दारात उभ्या. "छत्री राहिली वाटतं." तोवर तुम्ही त्यांच्याविषयी जे काही बोलायला सुरुवात केलेली असते, ते त्यांनी ऐकलेलं असतं.

हा विसरभोळेपणा नाही, शुद्ध बदमाशी आहे. माणूस गेल्यावर घर खरं बोलतं, असं बाईंचं म्हणणं. एका दिवाळीत त्या बिबवेवाडीला आमच्याकडे आल्या, तेव्हा शंकरपाळे संपले असं बायकोनं सांगून टाकलं होतं. छत्रीसाठी परत आल्या तर आम्ही दोघं डबा उघडून बसलेलो. बाईंनी छत्री घेतली, डब्यातले चार शंकरपाळे उचलले आणि म्हणाल्या, "संपलेले बरे झालेत हो." तेव्हापासून बाई येणार म्हटलं की बायको आधी सगळे डबे टेबलावर मांडते.

बाई आणि मी लेखापरीक्षणात आहोत. सरकारचा पैसा जिथं जायला हवा तिथं गेला का, हे बघायचं काम. त्या माझ्या वरिष्ठ, आणि आमच्याकडे तपासायला बालगृहं आहेत. कुणी नाही म्हणून सरकार ज्यांना सांभाळतं, त्या पोरांची घरं. बाकीचे आम्ही बिल बघतो, शिक्का बघतो, बेरीज जुळली की चहा मागवतो. बाईंचं उलटं. बेरीज जुळली की त्यांना संशय येतो. "कागदाला थंडी वाजत नाही," हे त्यांचं पालुपद. आमच्याच कार्यालयाची पाण्याची टाकी साफ केल्याचं बिल आलं, तेव्हा या बाई पदर खोचून गच्चीवर चढल्या आणि वरून साहेबांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "टाकीत पाल आहे. बिलात दिसली नाही." साहेबांनी तोवर त्याच पाण्याचा चहा घेतलेला होता.

इथवर हसायचं. पुढचं सांगताना माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

गेल्या हिवाळ्यात आम्ही कात्रजच्या पलीकडे एका बालगृहात तपासणीला गेलो. पोरं रांगेत उभी, सगळ्यांच्या अंगात निळे स्वेटर. बिलं चोख. अधीक्षक नम्र, इतके की चीड यावी. बाई एका पोराजवळ थांबल्या. त्याच्या स्वेटरला सगळी बटणं निळी आणि एकच लाल होतं. असाच लाल बटणाचा स्वेटर त्यांनी आदल्या आठवड्यात धायरीकडच्या दुसऱ्या बालगृहात पाहिला होता. बाईंनी कागदांवर सह्या केल्या, निरोप घेतला, छत्री विसरल्या. कोपऱ्यावरच्या टपरीवर आम्ही चहा घेतला आणि परत आत गेलो.

पोरं अजून रांगेतच होती, पण हात वर करून. एक शिपाई एकेकाच्या डोक्यावरून स्वेटर ओढून काढत होता, दुसरा घड्या घालून ट्रंकेत ठेवत होता. बाहेर टेम्पो उभा. आत पोरं पातळ सदऱ्यांत, काखेत हात घालून. एकही पोर रडत नव्हतं. सवयच होती त्यांना, आणि त्याचाच मला जास्त संताप आला.

अधीक्षक आधी म्हणाले, धुवायला देतोय. बाईंनी बाहेरच्या टेम्पोकडे बोट दाखवलं. मग तो गृहस्थ अगदी कळवळून म्हणाला, "मॅडम, उद्या तिसऱ्या ठिकाणी तपासणी आहे. तिथल्या मुलांना काय घालू?"

अहो, त्याला खरंच प्रश्न पडला होता! बिलं प्रत्येक बालगृहाची वेगळी, पैसे प्रत्येकाचे वेगळे, आणि स्वेटरांचा संच सगळ्यांत मिळून एक. आमच्या तपासणीच्या तारखांप्रमाणे तो गावभर फिरतीवर. ज्या खात्याला थंडीतल्या पोराच्या अंगावरचा स्वेटर उतरवताना लाज वाटत नाही, त्या खात्याला काय म्हणावं? आमच्या आळीत याला एक शब्द आहे, पण तो इथं लिहिता येत नाही.

बाई सरळ जाऊन ट्रंकेवर बसल्या. मला म्हणाल्या, या अधीक्षकांना घेऊन इथल्या ऑफिसात जा, सगळी मूळ बिलं काढून आणा. आम्ही परत आलो तोवर पोरांच्या अंगात पुन्हा स्वेटर होते, आणि प्रत्येकाच्या छातीवर पक्क्या शाईनं मोठ्या अक्षरात त्या त्या पोराचं नाव. आता घेऊन जा म्हणावं कुठं घेऊन जायचेत ते. टेम्पो रिकामा गेला.

पुढं काय झालं असेल? स्वेटर पुरवणाऱ्या ठेकेदाराला धरलं? छे. चोर सोडून संन्याशाला सुळी. आमच्या अहवालावर कुणीतरी चहाचा पेला ठेवला असेल, आणि कारणे दाखवा नोटीस आली ती लोणकरबाईंना. सरकारी मालमत्ता विद्रूप केली म्हणून. निवृत्ती तोंडावर, पेन्शन अडकवायची धमकी. वर आणखी एक आरोप: एका स्वेटरवर 'सुमन' असं नाव आहे आणि या नावाचं मूल त्या बालगृहाच्या पटावर नाही, तरी बनावट नाव घातल्याचा खुलासा करावा. सबंध नोकरी बनावट नावं पकडण्यात घालवलेल्या बाईला हे विचारतात! मी ती नोटीस घेऊन तावातावानं त्यांच्या घरी गेलो. म्हटलं, हे काय आहे? सुमन कोण?

बाई खिडकीपाशी बसल्या होत्या. एकटं माणूस राहतं तेवढंच सामान घरात. नोटिशीची घडी घालत म्हणाल्या, "सुमन मी."

इतक्या वर्षांत मला ते नाव माहीत नव्हतं. कार्यालयात त्या लोणकरबाई, बाहेर मॅडम.

"एक लहान मुलगी होती, नवीन आलेली. तिला नाव विचारलं तर सांगेना. तिथं सगळे तिला 'ए नवी' म्हणत होते. मग तिनंच मला विचारलं, तुझं काय? म्हटलं, सुमन. ती म्हणाली, माझंपण."

मी म्हटलं, मग हेच लिहून टाकू. नाहीतर चूक झाली म्हणू, नाव खोडतो म्हणू, पेन्शन तरी सुटेल.

"नाही," बाई म्हणाल्या. "आई गेल्यापासून मला सुमन म्हणून कुणी हाक मारलेली नाही. तिथं आता दिवसभर सगळी पोरं मारत असतील. लिहा तुम्ही, नाव खरं आहे. मी ते खोडणार नाही."