वासुदेवकाकांचं जोतं

“पाण्याची बाटली संगं घेऊन चढ बाबा, मधात तहान लागते!” पार्सलवाल्याला कुणीतरी सांगत होतं. मी फाटकाआड उभी होते. हसले, पण फाटकाच्या आतच.

पायऱ्या समोरच्या वासुदेवकाकांच्या. अमरावतीतल्या आमच्या गल्लीचा रस्ता सिमेंटचा होऊन वीतभर वर आला, तेव्हा बाकीच्यांनी अंगणात मुरूम टाकला. काकांनी जुनं घर पाडून नवं पुरुषभर उंच जोत्यावर बांधलं. “माणसाची लेव्हल पाहिजे,” हे त्यांचं पालुपद. एकमजली घरातून दोरीला पिशवी बांधून भाजी घेणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

मी कॉन्व्हेंट शाळेत शिकवते. दिसले की काका म्हणतात, “कॉन्व्हेंटवाली, ये ना वर! इथून सारी गल्ली दिसते.” मी मान हलवते. ओसरीत खुर्च्या मांडलेल्या असतात, बसायला कुणी नसतं. गल्लीत धड गुडघे आहेतच किती जणांचे? काकांचं निदान वेगळं. “जळून राहिले सारे.”

पूर्वी ते अकोल्यात, जठारपेठेत, रस्त्यापेक्षा खोल अशा खोलीत भाड्यानं राहायचे. पावसाळ्यात नालीचं पाणी आत. एकदा अंजनगावहून मोठा भाऊ आला, उंबऱ्यातच थांबला आणि म्हणाला, “डबक्यात राहून राहिला का बे?” काकू हे हसत सांगतात. काका तेव्हा पंख्याकडे बघत असतात.

गेल्या महिन्यात तेच दादा नवं घर बघायला आले. काका इस्त्रीचा सदरा घालून वरच्या पायरीवर उभे. दादांनी काठी टेकून खालूनच वर पाहिलं.

“या ना दादा, वर!”

“चढवत नाही रे वासू. तू ये खाली.”

“घर तं पाहा!”

“पाहून राहिलो ना.”

काका खाली उतरले नाहीत. दादा आमच्या अंगणात पाणी प्यायले, खुर्ची पायऱ्यांकडे वळवून बराच वेळ बसले. माझ्याशी एकच वाक्य बोलले आणि गाडीत बसून गेले.

मग काका उतरले. एकेक पायरी, कठड्याला धरून. वर काकू ताटं झाकत होत्या.

“काय म्हणे दादा? घर कसं वाटलं म्हणे?”

‘छान’ म्हटलं असतं तर भागलं असतं. आजवर माझं तेवढ्यावरच भागलं आहे.

“घराबद्दल नाही बोलले, काका. ‘वासू खाली येईल, मले हात धरून नेईल, असं वाटलं होतं,’ म्हणाले.”