चांदेवारांना लस लागत नाही

वडसगावच्या तळ्यातले रोहू लस टोचून घ्यायला घरच्या मोठ्यांना सोबत आणत, म्हणून इंदूबाई दिघोरे आदल्या दिवशीच घाटावर जास्तीचे टब भरून ठेवत.

इंदूबाईंची सारी नोकरी उपकेंद्रात नर्स म्हणून गेली होती. गावातल्या लहानथोरांचे दंड त्यांच्या ओळखीचे. निवृत्त झाल्यावर मच्छीमार संस्थेने त्यांना माशांच्या लसीकरणासाठी विचारलं, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "दंड नसतो त्यांना. टोचायचं कुठं?" पोटाच्या पराजवळ, असं कळलं आणि त्या कामाला लागल्या.

तळ्यात घराणी बरीच होती, पण नाव निघायचं दोघांचंच. ठोसरे जात्याच काटक. लाल चट्ट्यांची साथ आली आणि गेली तरी त्यांच्या खवल्याला डाग लागत नसे. सुई त्यांच्यात कुणी घेतली नव्हती. लसीच्या दिवशी ते खोल पाण्यात ऐटीत फिरत. चांदेवारांचं सगळंच उलटं. पहिला चट्टा उठायचा तो त्यांच्याच घरी. आणि लस त्यांना लागतच नसे. टोचल्यावर काही आठवड्यांनी रक्त तपासावं, तर त्यात लसीचा मागमूस नाही. तरी चांदेवारीणबाई दरसाल लाइनीत पहिल्या. पोरं कशी शिस्तीत, एकामागे एक.

"औंदा लागेल जी," त्या म्हणायच्या.

"न लागायला काय झालं," इंदूबाई म्हणायच्या, आणि सुई जरा हळूच काढायच्या.

एका वर्षी मत्स्यबीज केंद्रातून डॉक्टर नीरजा बोंद्रे आल्या. पुढच्या पिढीसाठी कोणती घराणी तळ्यात ठेवायची आणि कोणती बाजारात धाडायची, हे त्यांना ठरवायचं होतं. बाई समजूतदार होत्या. पाण्यात पाय सोडून त्यांनी प्रत्येक घराचं ऐकून घेतलं. मग इंदूबाईंना बाजूला घेऊन म्हणाल्या, "चांदेवारांना नाही ठेवता येणार."

"एवढे गुणाचे लोक आहेत हो."

"आहेत ना. पण रोगाशी लढायचं त्यांच्या अंगात नाही, आणि लसीनं शिकवायला जावं तर अंग शिकत नाही. दोन्ही गोष्टी आईबापांकडूनच येतात, पण वेगवेगळ्या येतात. एक जरी असती तरी मी ठेवलं असतं."

"मग हे त्यांना सांगणार कोण?"

डॉक्टर पाण्याकडे पाहत राहिल्या. इंदूबाई समजल्या.

त्यांनी घाटाच्या खालच्या पायरीवर बसून सांगितलं. चांदेवारीणबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं.

"बाजाराचं दुःख नाही जी," त्या म्हणाल्या. "तिथं सगळ्यांनाच जायचं आहे. पण माघारी या पाण्यात आमचं म्हणून कोणी राहणार नाही, हे काही बरं वाटत नाही."

इंदूबाईंनी जेवणाचा डबा उघडला आणि तसाच लावून टाकला.

दुपारी ठोसऱ्यांचे म्हातारबा मुलाला घेऊन घाटाला आले. ते आजवर उथळ पाण्यात आले नव्हते.

"आमचा पोट्टा चांदेवारांची धाकटी मागते," ते म्हणाले. "समजावून थकलो. दुसरी पाहातच नाही. ती राहिली तर तो राहते, नाही तं म्हणते मी पण बाजारात जातो."

डॉक्टरांनी चष्मा पुसला. "सोयरिकीला माझी ना नाही. पण पोरांचं पाहायला हवं. तुमचा काटकपणा काहींत उतरेल, काहींत नाही. ज्यांच्यात उतरणार नाही त्यांना लसीचाच आधार. आणि लस तुम्हाला लागते की नाही, हे कुणालाच माहीत नाही."

"म्हणजे?"

"मुलाला सुई घ्यावी लागेल."

म्हातारबांचे कल्ले एकदम मिटले. मुलगा मात्र आपण होऊन टबात शिरला. अंगानं थोराड, पण सुई दिसताच गरगर फिरायला लागला. इंदूबाईंचं लुगडं पार भिजलं.

"अरे बाबा, चांदेवारांची एवढीशी पोरं घेतात!"

"ते शूर आहेत," तो म्हणाला. "आमच्यावर कधी शूर व्हायची पाळीच आली नाही."

तेवढ्यात शेजारच्या टबात चांदेवारीणबाई आल्या. "इकडं पाहा, जावईबापू. सुईकडं नाही पाहायचं. माझ्याकडं पाहा. पोरीला लहानपणी शेवाळ आवडायचं का नाही, ते सांगतो तुम्हाला."

तो पाहत राहिला.

"झालं का?" त्यानं थोड्या वेळानं विचारलं.

"कधीच," इंदूबाई म्हणाल्या.

म्हातारबा गुपचूप रिकाम्या टबात येऊन थांबले. "आता आलोच आहो तं," ते दुसरीकडे पाहत म्हणाले.

काही आठवड्यांनी रक्त तपासलं. बापलेकांना दोघांनाही लस इतकी चांगली लागली होती की डॉक्टरांनी नमुना पुन्हा तपासून घेतला. लग्न लागलं. सोयरे म्हणून चांदेवारांना तळ्यात राहायची परवानगी मिळाली.

हिवाळ्यात साथ आलीच. चांदेवारांच्या घरी चट्टे उठले. इंदूबाईंनी त्यांना अंगणातल्या हौदात आणलं, मिठाच्या पाण्याची अंघोळ घातली, नातेवाइकांची गर्दी दटावून परत पाठवली. काही वाचले, काही नाही. चांदेवारीणबाई वाचल्या. पाठीवर पांढरा व्रण राहिला. धाकटीला ठोसऱ्यांनी घराच्या मधोमध ठेवलं होतं; तिच्यापर्यंत काही पोचलंच नाही.

पुढच्या पावसाळ्यात धाकटीला पोरं झाली. अंगाला बाळसं आल्यावर सगळी लाइनीत आली, आणि सोबतीला आजी. टोचून घेऊन सगळे शिस्तीत परत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चांदेवारीणबाई घाटाला धापा टाकत आल्या. "बाई, चला जी लवकर! लहाना सुस्त पडला. काही खात नाही. नुसता उन्हाच्या पाण्यात जाऊन राहते."

इंदूबाई गुडघाभर पाण्यात उतरल्या. काठाच्या उथळ, कोमट पाण्यात बोटभर पोर निपचित तरंगत होतं. त्यांनी ओंजळ त्याच्याखाली नेली आणि बराच वेळ तशीच धरली.

"ताप आहे," त्या म्हणाल्या. "लस लागली की येतो."

"आमच्यात कधी येत नाही जी."

"याला आला."

चांदेवारीणबाईंनी नातवाभोवती एक हळू फेरी मारली, मग दुसरी.

"काही द्यायचं नाही," इंदूबाई म्हणाल्या. "उन्हातच राहू द्या. उद्या खेळायला लागेल."

पण चांदेवारीणबाई तिथं नव्हत्या. संध्याकाळपर्यंत त्या तळ्यातल्या घरोघरी जाऊन सांगून आल्या, की नातवाला ताप आला आहे.