भानुदासराव खडतरे यांच्या उजव्या हाताची हकीकत

श्रीगजानन प्रसन्न असो, सभागृहातील घंटेस आमचा दंडवत असो, आणि ज्या रयतेने मते दिली तिला पुढील खेपेस तरी सद्बुद्धी होवो. शके एकोणीसशे चाळीस, विलंबी नाम संवत्सर, माघ मास. ते समयी नदीकाठच्या एका नगरीत (नाव कशास घ्यावे, ज्याची त्यास ओळख पटेल) खालची पेठ म्हणून बुरूड, कासार, तांबट ऐसे कष्टाळू लोक राहात, आणि त्या पेठेत नगरसभेचे एक लहानसे प्रसूतिगृह होते, आठ खाटांचे, आणि तेथे द्वारकाबाई लोणारे म्हणून दाई अडतीस वर्षे चाकरी करीत होत्या. अर्धी पेठ त्यांच्या हातून जन्मास आली. कोणाचे डोके आधी आले, कोणाचे पाय, हे बाईंस मुखोद्गत होते, आणि पेठेचे सभासद राजश्री भानुदासराव खडतरे हेही त्याच खाटांपैकी खिडकीजवळच्या तिसऱ्या खाटेवर अवतरले होते.

हे भानुदासराव निवडणुकीस उभे राहिले तेव्हा त्यांनी घरोघर जाहीरनामा वाटिला. त्यात पहिले कलम ऐसे की, प्रसूतिगृह थोर करू, आठाच्या वीस खाटा करू, रात्रंदिवस डॉक्टर ठेवू. रयत भुलली, आणि मग गुलाल उधळून सभासदांची स्वारी पालखीसारखी उचलून सभागृहात नेऊन बसविली. बसविली ती बसलीच. पहिले वर्षी पेठेच्या तोंडाशी स्वागतकमान उभारिली आणि तीवर खाशांची तसबीर लाविली. दुसरे वर्षी चौकाचौकांत बाके टाकिली, आणि बाकाच्या पाठीवर 'सौजन्य' ऐसे लिहून खाली नाव इतके मोठे रंगविले की टेकून बसणाराच्या सदऱ्यास रंग लागे. तिसरे वर्षी स्वतःची छबी स्वतःच काढून घ्यावी ऐशी एक जागा सजविली, तीस लोक सेल्फी पॉइंट म्हणतात, आणि तिचे उद्घाटन दोन वेळा केले, कारण पहिल्या वेळी मंत्री आले नाहीत. पहिले कलम मात्र जाहीरनाम्यातच विश्रांती घेत पडले. कोणी आठवण दिली तर सभासद म्हणत, "प्रोसेसमध्ये आहे." आणि मग आठवण देणाराच्या खांद्यावर हात टाकून त्याजबरोबर फोटो काढीत, आणि तो बिचारा कृतार्थ होऊन घरी जाई.

आता सभागृहातील पराक्रम सांगतो. भानुदासराव ज्या गटात होते त्या गटाचे नेते दादासाहेब म्हणून पुढल्या बाकावर बसत. त्यांनी मान डोलविली की मागील तीन बाकांवरचे हात वर जात, आणि त्यात भानुदासरावांचा उजवा हात सर्वांआधी जाई. कार्यपत्रिका वाचण्याची तसदी त्यांनी कधी घेतली नाही. पाणीपट्टी वाढली, हात वर. वाढलेली कमी झाली, हात वर. एके दिवशी कोणी खिडकी उघडावयास सांगितले, तेव्हाही हात वर गेला, आणि सभागृह पोट धरून हसले. आणखी एक चाल त्या गटात होती, ती ऐशी. प्रत्येक ठरावास एक सूचक आणि एक अनुमोदक लागतो, आणि वेळेवर माणूस सापडत नाही म्हणून दादासाहेब सभासदांकडून कोऱ्या कागदांवर सह्या घेऊन ठेवीत. मागून वर मजकूर लिहिला जाई. भानुदासरावांनी वर्षारंभीच पन्नास कागद सही करून दिले आणि त्यास ते पक्षनिष्ठा म्हणत. धन्य ती निष्ठा.

माघ वद्य पंचमीस सभा भरली, आणि तीत ठराव आला की, नदीपलीकडे थोरले इस्पितळ असता खालच्या पेठेत धाकट्याचे प्रयोजन नाही, सबब प्रसूतिगृह बंद करून ते जागी बहुमजली वाहनतळ बांधावा. दादासाहेबांनी मान डोलविली, हात वर गेले, आणि मंजूर जाहले. दुसरे दिवशी बातमी पेठेत आली तेव्हा एकच हाहाकार उडाला. सभासदांसही बातमी तेव्हाच कळली. मग त्यांनी मोठा आवेश आणिला, कपाळास काळी फीत बांधिली, कमानीखाली मंडप घातला, आणि ध्वनिक्षेपकावरून गर्जना केली की, "ज्या कोणी हे पाप केलं त्याला खालची पेठ माफ करणार नाही." टाळ्या पडल्या. द्वारकाबाईंनीही वाजविल्या, कारण त्यांस खरेच वाटले.

बाईंच्या जिवास घोर लागला होता तो वेगळाच. बुरूड आळीत केशर म्हणून सून होती, तीस आठवा महिना, आणि पोर आडवे होते, आणि मागील खेपेस रक्त थांबता थांबले नव्हते. तीस नदीपलीकडे नेणे म्हणजे पुलावर गाड्यांच्या गर्दीत तासभर अडकणे, हे बाई जाणत होत्या. प्रसूतिगृह चैत्र सरेपर्यंत राहिले तर केशर वाचते, इतका साधा हिशेब होता. म्हणून बाई नगरचिटणिसाच्या कचेरीत गेल्या, आणि त्या चिटणिसाची बायको दोनदा त्यांच्याच हातून बाळंत जाहली होती म्हणून त्याने खुर्ची दिली, चहा दिला, आणि ठरावाचा कागद दाखविला. सूचक, दादासाहेब. अनुमोदक, भानुदास खडतरे. खाली सही, लपेटदार. बाईंनी चष्मा पुसून पुन्हा वाचिले आणि संतापाने चहा तसाच दूर सारिला. चिटणीस हळूच बोलिला, "बाई, अजून वेळ गेलेली नाही. पुढल्या सभेत मागचं इतिवृत्त कायम होतं. तोवर ठराव अमलात येत नाही. अनुमोदकानेच उठून अनुमोदन मागे घेतलं, तर कागद परत फिरतो."

मग बाई तडक मंडपात आल्या. सभासद उपोषणास बसले होते आणि सरबत पीत होते. बाईंनी कागदाची नक्कल पुढे धरिली आणि म्हणाल्या, "भानू, ही सही कोणाची?"

सभासदांनी नक्कल पाहिली, घाम पुसला, आणि बोलिले, "मावशी, सही माझीच आहे, पण मजकूर माझा नाही."

"मग तो कोणाचा, माझा?"

"तसं नाही हो. पक्षशिस्त असते. तुम्हाला राजकारण कळायचं नाही."

"मला बाळंतपण कळतं," बाई म्हणाल्या. "केशरचं पोर आडवं आहे. तू उठून नाही म्हण, एवढंच पाहिजे. म्हणशील?"

भोवती बायका जमल्या होत्या, आणि त्यांत केशर पोटावर हात ठेवून उभी होती. सभासदांस पळावयास वाट नव्हती. त्यांनी छातीस हात लावून आण घेतली की, "मावशी, या वेळेस हात वर जाणार नाही." आणि मग त्याही आणेचा कोणी फोटो काढिला, तेव्हा ते जरा सावरून बसले.

फाल्गुन शुद्ध दशमीस सभा भरली. बाई आणि केशर प्रेक्षकांच्या सज्जात जाऊन बसल्या, जेथे बोलण्याची मनाई आहे. सभासद खाली आपल्या बाकावर उजवा हात मांडीखाली दाबून बसले होते, आणि चेहरा ऐसा की जणू मोठे युद्ध चालिले आहे. महापौरांनी पहिलाच विषय पुकारिला, "मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे." दादासाहेबांनी मान डोलविली. तीन बाकांवरचे हात गेले. भानुदासरावांचा खांदा हलला, कोपर हलले, परंतु हात आला नाही, आणि पाच वर्षांत प्रथमच ऐसे घडले म्हणून त्यांनी विजयी मुद्रेने सज्जाकडे पाहिले. आणि महापौर म्हणाले, "सर्वानुमते मंजूर."

सभासद चकित होऊन इकडे तिकडे पाहू लागले. हात खाली ठेविला म्हणजे विरोध जाहला ऐसी त्यांची समजूत होती. विरोध करावयाचा तर उभे राहून 'माझा विरोध आहे, नोंद घ्यावी' म्हणावे लागते, हे ज्यास पाच वर्षांत एकदाही लागले नाही त्यास कोण शिकविणार! चिटणिसाने ते जाणिले आणि लेखणी मुद्दाम थांबवून सभासदांकडे पाहिले. द्वारकाबाईंच्या मनात आले की, जन्मला तेव्हाही हा ऐसाच मुका होता, पाठीत थाप दिली तेव्हा आवाज फुटला, आणि आज माझा हात त्याच्या पाठीपर्यंत पोहोचत नाही. मग मनाई विसरून बाई सज्जातून ओरडल्या, "भानू, ऊठ. उभा राहा."

सभासद अर्धे उठले. दादासाहेबांनी मागे वळून पाहिले, रागाने नव्हे, नुसते पाहिले. आणि सभासदांनी बाकाखाली पडलेली टाचणी शोधल्यासारखे केले आणि खाली बसले. रखवालदारांनी बाईंस दंड धरून बाहेर काढिले. केशर त्यांच्या मागे जिना उतरली, एकेक पायरी, कठड्यास धरून. बाईंस इतकी लाज वाटली की त्या पोरीकडे पाहवेना, जणू सही त्यांनीच केली होती. चिटणिसाने लेखणी उचलून पुढील विषय लिहिला, तो दिव्याच्या खांबांस रंग देण्याचा होता.

त्या संध्याकाळी भानुदासरावांनी पेठेत फलक लाविला, 'अखेरच्या क्षणापर्यंत हात खाली ठेवणारा ढाण्या वाघ'. फलक वाचून काही जणांनी त्यांस हारही घातले. काय म्हणावे ऐशा लोकांस.

पुढे विकारी नाम संवत्सर लागले. चैत्र शुद्ध तृतीयेस प्रसूतिगृहास कुलूप पडले, आणि षष्ठीस भर दुपारी केशरला कळा सुरू जाहल्या. द्वारकाबाईंनी रिक्षात तिचे डोके मांडीवर घेतले आणि पुलाकडे निघाल्या. पुलावर गाड्या तुंबल्या होत्या. बाईंजवळ अडतीस वर्षांची विद्या होती, परंतु रक्त नव्हते, बाटली नव्हती, सुई नव्हती. पोर त्यांनी फिरवून घेतले, तेथेच, लोकांच्या साड्यांचा आडोसा करून, आणि ते जगले. केशर पलीकडचा काठ येण्याआधी गेली.

वर्तमानपत्रांनी गवगवा केला, म्हणून पुढील सभेत दुखवट्याचा ठराव आला. अनुमोदक भानुदासराव खडतरे. तो ठराव उभे राहून मंजूर करण्याची चाल आहे, आणि भानुदासराव उभे राहिले, सर्वांआधी, मान लववून, पुरी दोन मिनिटे.

एकंदर तपशील. सभासदांची कारकीर्द पाच वर्षे, ठराव सहाशे चौदा, बाजूने सहाशे चौदा, विरोधात एकही नाही. ऐसे वर्तमान जाहले तैसे लिहिले. बाईंनी पोरीचे नाव केशरच ठेविले आहे.