आत उघडणारे दार आणि आठ इंची गादी

मोठ्या बाईंच्या गाद्यांच्या कारखान्यात नवे यंत्र घ्यायचे, याबद्दल वाद नव्हता. कोणते घ्यायचे, यावरून मात्र दोन महिने घरात कुणी स्वस्थपणे जेवले नव्हते. जागा एकाच यंत्रापुरती होती. बाईंना हवे होते खोळीवर नक्षीदार शिलाई घालणारे यंत्र. सूनबाईंना हवे होते गादी दाबून, तिच्यातली हवा शोषून, प्लास्टिकात घट्ट गुंडाळून देणारे यंत्र.

"आई, टेम्पोत आज बारा गाद्या बसतात, उद्या ऐंशी बसतील," सूनबाई म्हणत.

"बसतील. पण उघडल्यावर उठतील का?" बाई विचारत. "आठ इंचांची गादी एकदा दाबली की कायमची दबली. माणसांचंही तसंच असतं."

हे शेवटचे वाक्य बाई चिरंजिवांकडे पाहून म्हणत आणि चिरंजीव नेमके त्याच वेळी चष्मा पुसायला घेत.

अखेर एके दिवशी बाईंनी सगळ्या कारागिरांना जमवले, कमरेच्या जुडग्यातून एक पितळी किल्ली वेगळी काढून उंच धरली आणि शब्द दिला. "हे यंत्र एक दिवस इथे आणून चालवा. गुंडाळलेली गादी उघडल्यावर मोजून आठ इंच भरली, तर केबिनची ही किल्ली मी सूनबाईच्या हातात देईन. नाही भरली, तर हे गुंडाळीचं खूळ पुन्हा उंबरठ्याच्या आत यायचं नाही."

कारागीर एकमेकांकडे पाहत राहिले. ज्याच्याकडे केबिन, त्याच्याकडे कारखाना, हे तिथल्या मांजरालाही ठाऊक होते.

ती केबिन बाईंनी स्वतः आखून घेतली होती. कापसाच्या गासड्या ठेवायच्या माळ्याखाली ती होती आणि तिचे छत इतके ठेंगणे होते, की भल्याभल्यांना वाकूनच आत यावे लागे. बाईंना वाकावे लागत नसे. त्यांची उंचीच त्या बेताची होती. लोखंडी टेबल फरशीत बोल्ट ठोकून पक्के केले होते, कारण बाईंच्या मते हलणाऱ्या टेबलामागे बसलेल्याचा शब्दही हलतो. दार आत उघडत असे. भिंतीत वीतभर रुंदीचा झरोका होता. त्यातून बाई एका नजरेत बावीस माणसांवर लक्ष ठेवत आणि तेविसाव्याला, म्हणजे मिस्त्रीला, हाक मारत.

मिस्त्री हा बाईंच्या हुकमांचा चालता-बोलता संग्रह होता. "या कारखान्यात कामाची वस्तू टाकायची नाही" आणि "माझ्या लेखी परवानगीशिवाय लाकडाला करवत लावायची नाही" हे दोन हुकूम त्याला स्वतःच्या लग्नाच्या तारखेपेक्षा पक्के पाठ होते.

ठरल्या दिवशी यंत्र आले. त्याच्याबरोबर त्याचा विक्रेताही आला. गळ्यात टाय होता आणि चेहऱ्यावर असे हसू होते, की तेही हवा शोषून पक्के बसवले असावे. यंत्राने घरघर केली, सहा फुटी गादी गिळली आणि पाच मिनिटांत लोडाएवढी गुंडाळी बाहेर टाकली.

"मोठ्या बाई, बघायला येताय ना?" मिस्त्रीने झरोक्यातून विचारले.

"मी यंत्राकडे जात नाही. त्याला जे काही सांगायचं असेल ते त्याने इथे येऊन सांगावं."

तेव्हा विक्रेता ती गुंडाळी काखेत मारून, वाकून, आत आला. मागून चिरंजीव वाकून आले. सूनबाई वाकून आल्या आणि त्यांनी शिस्तीने दार लावून घेतले. गुंडाळी टेबल आणि दार यांच्यामधल्या जागेत ठेवण्यात आली. बाई टेबलामागून उठून पुढे आल्या आणि एखाद्या आजारी पाहुण्याकडे पाहावे तशा तिच्याकडे पाहू लागल्या.

"ही गादी? हिला उघडा."

"बाहेर मोकळ्या जागेत उघडू या का?" विक्रेता अदबीने म्हणाला. "इथे जरा अडचण होईल."

बाईंच्या भुवया वर गेल्या. "अहो गृहस्थ, या केबिनमध्ये बत्तीस वर्षं कारखाना मावला. तुमची एक गादी मावणार नाही?"

"आई, ते बरोबर सांगताहेत," सूनबाई म्हणाल्या.

हे वाक्य त्यांनी गिळले असते तर पुढचे सगळे टळले असते. बाईंनी टेबलावरची कात्री उचलली आणि प्लास्टिकाला टोकापासून टोकापर्यंत चीर दिली.

आधी नुसतेच फुस्स झाले. मग गुंडाळी शहारली. मग तिने एक पाय पसरावा तशी एक बाजू पसरली आणि चिरंजिवांच्या पोटऱ्यांवर धडक दिली. ते विक्रेत्यावर पडले, विक्रेता सूनबाईंवर पडता पडता सभ्यपणे भिंतीवर पडला, आणि सूनबाई सासूबाईंना सावरायला धावल्या व त्यांनाच घेऊन खाली बसल्या. जागा साडेपाच फुटांची होती आणि गादी सहा फुटांची. उरलेला अर्धा फूट तिने बिनदिक्कत दारावर चढवला. टेबलात पाय रोवून, दाराला खांदा लावून ती फुगतच राहिली.

चौघेही गादीवर होते, कारण केबिनमध्ये गादीशिवाय काही उरलेच नव्हते.

"दार उघड," बाई म्हणाल्या.

चिरंजिवांनी कडी ओढली. दार बोटभर आत आले आणि गादीने ते परत पाठवले.

"उभी करा हिला."

तिघांनी उभी करायचा प्रयत्न केला. गादी छताला लागली, वाकली आणि विक्रेत्याला पोटाखाली घेऊन पुन्हा आडवी झाली.

"पुन्हा गुंडाळा."

"त्याला यंत्र लागतं," गादीखालून आवाज आला. "यंत्र बाहेर आहे."

"म्हणजे हिला आत आणायला एक माणूस पुरला आणि बाहेर न्यायला यंत्र हवं! गादी आहे की जावई?"

"आई," चिरंजीव हळूच म्हणाले, "दार बाहेर उघडणारं असतं तर..."

"तू चष्मा पूस."

झरोक्यात मिस्त्रीचा एक डोळा दिसला. "मोठ्या बाई, बिजागऱ्यांचे स्क्रू आतल्या बाजूला आहेत. दार कापावं लागेल."

"मग काप! वाट कसली बघतोस?"

"लेखी पाहिजे."

"मिस्त्री!"

"तुमचाच हुकूम आहे बाई. तोंडी सांगितलं तरी ऐकायचं नाही, असंही तुम्हीच तोंडी सांगितलं होतं."

कागद टेबलाच्या खणात होते आणि खण गादीमागे. शेवटी बाईंनी विक्रेत्याच्या माहितीपत्रकाच्या पाठीवर, गुंडाळी यंत्राच्या गुणवर्णनाच्या बरोबर मागे, "दार कापावे" असे लिहून सही ठोकली आणि कागद झरोक्यातून सरकवला. मिस्त्रीने तो दोनदा वाचला आणि करवत शोधायला गेला.

आत सूनबाई छताकडे पाहत होत्या. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "आई, तुमच्या गळ्यात टेप आहे."

बाईंना ते ठाऊक होते. गेली दहा मिनिटे तो टेप त्यांना फासासारखा लागत होता. न मोजण्याची शंभर कारणे त्यांच्या मनात आली, पण त्यांतले एकही मोठ्या बाईंना शोभणारे नव्हते. त्यांनी टेप काढून चिरंजिवांकडे फेकला.

"किती?"

"आठ."

"नीट बघ."

चिरंजिवांनी चष्मा पुसून नीट पाहिले. "आठ... आणि वर दोन सूत."

बाहेर करवत सुरू झाली.

तासाभराने दार दोन तुकड्यांत खाली आले आणि बाई गादीवरून बाहेर उतरल्या. समोर बावीस कारागीर चेहरे कसेबसे सरळ ठेवून उभे होते. बाईंनी पदर सारखा केला, जुडग्यातून पितळी किल्ली सोडवली आणि सूनबाईंच्या तळहातावर ठेवली.

"शब्द म्हणजे शब्द. यंत्र घ्या. आणि ही केबिनची किल्ली."

मग त्यांनी फरशीवर पडलेल्या दाराच्या दोन तुकड्यांकडे अतिशय समाधानाने पाहिले. "जपून ठेव हो. हरवू नकोस."

कारागिरांत खसखस पिकली. चिरंजीवही हसले. सूनबाईंनी किल्ली निमूटपणे कमरेला खोचली. त्या रात्री बाई दोन घास जास्तच जेवल्या.

चौथ्या दिवशी सकाळी बाई नेहमीप्रमाणे भोंग्याच्या आधी आल्या. केबिनला नवे कोरे दार लागले होते. त्यांनी ते ढकलले. हलले नाही. खांदा लावून ढकलले. तेव्हा त्यांची नजर कुलपावर गेली. नव्या दारात बसवलेले, पण बत्तीस वर्षांच्या हाताळणीने गुळगुळीत झालेले तेच पितळी कुलूप.

"मिस्त्री! हे कुठून आलं?"

"जुन्या दाराचं आहे, मोठ्या बाई," मिस्त्री अभिमानाने म्हणाला. "चांगलं चालतंय. टाकलं नाही."

बावीस जण पाहत होते. बाईंनी आयुष्यात प्रथमच त्या दारावर बोटांनी टकटक केली आणि पुन्हा ते ढकलले.

आतून सूनबाईंचा आवाज आला. "आई, या ना. पण ढकलू नका हं. आता ओढायचं."